पदरावरचे लाकूड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्याख्यानमालेत आमच्यापूर्वी विद्वान वक्त्यांनी संतवाङ्मय, दुर्ग आणि नाट्यसंगीत यांसारख्या भारदस्त विषयांवर आपणांस तृप्त केले. त्यांच्या पंगतीस बसून आम्ही बोलणार आहोत ते दोन इंच लांबीच्या लाकडी पिनेविषयी. स्त्रियांनी पदर खांद्यावर सावरण्यासाठी लावावी, पुरुषांनी वाटल्यास कोटाच्या छातीवर मिरवावी, अशी ही पिन होय. आम्ही काही सुतारकीचे शास्त्र शिकलेलो नाही. बी. ए. होऊन केंद्र सरकारच्या सेवेत शिरलो आणि उभा जन्म कागद सांभाळण्यात गेला. कागद हेही शेवटी लाकूडच, एवढाच काय तो आमचा या विषयावरील परंपरागत अधिकार. तथापि गेली काही वर्षे रविवारची सकाळ आम्ही करवत व कानस यांच्या सहवासात घालवीत आलो आहोत. त्या उद्योगातून जे हाती लागले ते घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्या कुटुंबांच्या उपयोगी पडेल असे वाटल्यावरून हे निमंत्रण स्वीकारले.

प्रथम पिनेची कुळकथा. आपल्या आज्या-पणज्यांच्या नऊवारीस पिनेची गरज नव्हती. कासोटा आणि कमरेस खोचलेला पदर यांवर सगळा भार निभावत असे. त्यांचे काटे आणि आकडे असत ते अंबाड्यात. पदराला खांद्यावर टाचण्याची रीत रूढ झाली ती नव्या तऱ्हेच्या नेसण्याबरोबर, आणि तिच्या इतिहासात आपल्या मुंबईचा मोठा वाटा आहे. पहिले भारतीय सनदी अधिकारी सत्येंद्रनाथ टागोर यांची नेमणूक मुंबई इलाख्यात झाली. त्यांच्या पत्नी ज्ञानदानंदिनी देवी १८६४ साली पतीबरोबर मुंबईस आल्या. तेथील पारशी स्त्रियांची नेसण्याची पद्धत त्यांनी पाहिली, तीत आपल्या सोयीप्रमाणे फेरफार केले आणि ती बंगालात नेली. डाव्या खांद्यावर ब्रूच लावण्याची पद्धत या नेसण्याबरोबर सुशिक्षित घरांत पसरली. म्हणजे परप्रांती गेलेल्या एका गृहिणीच्या निरीक्षणातून ही टूम निघाली. आपल्या मंडळासारख्या ठिकाणी याचे स्मरण ठेवणे उचित होय.

धातूची पिन सोडून लाकडाची कशाकरिता, असा प्रश्न आपल्या मनात आला असेल. त्याचे उत्तर आपण ज्या मुलखात राहतो त्यात आहे. बंगळुरास आपण नोकरीसाठी आलो. परंतु येथून चार-सहा तासांच्या अंतरात लाकडाच्या तीन थोर कला नांदत आहेत, याची जाणीव आपल्यापैकी थोड्यांनाच असते.

पहिली चन्नपट्टणची. म्हैसूरच्या रस्त्यावर सुमारे ६० किलोमीटरवर हे गाव आहे. टिपू सुलतानाने पर्शियाहून कारागीर आणवून येथे ही कला रुजविली अशी परंपरा सांगतात. ज्याला कानडीत ‘आले मर’ म्हणतात आणि आपण काळा कुडा म्हणतो, त्याचे हस्तिदंतासारखे पांढरे, बारीक पोताचे लाकूड चरकावर फिरवितात. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी टेकविली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून लाकडावर चढते. मग केतकीचे पान दाबून धरतात, तेणेकरून लाख सारखी पसरते आणि तिला झळाळी येते. खेळण्यांसाठी हे गाव प्रसिद्ध असले तरी अलीकडे बांगड्या, मणी व कानांतले अलंकारही तेथे होतात.

दुसरी म्हैसूरची जडावाची कला. शिसवीच्या फळीवर चित्र रेखाटून तेवढा भाग कोरावयाचा आणि त्या खाचेत निरनिराळ्या रंगांच्या लाकडांचे तुकडे नेमके बसवावयाचे, अशी ही रीत. १८९७ ते १९१२ या काळात बांधलेल्या म्हैसूरच्या राजवाड्यात अंबाविलास दिवाणखान्याशी एक हस्तिदंताचे जडावकाम केलेला शिसवी दरवाजा आहे. तो गणपतीच्या देवघरात उघडतो. आपल्यापैकी जे दसऱ्याला तेथे जातात त्यांनी सिंहासन पाहून परत न फिरता त्या दारापाशीही थांबावे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्या यांनी हस्तिदंताचा व्यापार बंद झाला. आता या कलेची मदार लाकडाच्या स्वतःच्या रंगांवर आहे, आणि आमच्या मते ते एका परीने चांगलेच झाले. चन्नपट्टणची खेळणी आणि म्हैसूरचे जडावकाम या दोहोंना २००५-०६ मध्ये भौगोलिक निर्देशांक मिळाला.

तिसरी कला शिमोगा, म्हणजे आताच्या शिवमोग्गा, जिल्ह्यातील सागर व सोरब या भागांतील गुडिगारांची. चंदनावर अतिसूक्ष्म कोरीव काम करणारी ही जमात मूळची गोव्याकडील असल्याचे सांगितले जाते. चंदन कोरणारे हेच हात बेंडासारख्या हलक्या पांढऱ्या गराची बाशिंगेही करतात. लग्नातले बाशिंग आणि चंदनाची मूर्ती एकाच घरात घडावी, यात आपल्या संस्कृतीची एक खूण आम्हांस दिसते.

या तिघींची चौथी बहीण आपल्या मुलखात आहे. सावंतवाडीच्या चितार आळीतील लाकडी फळे ज्याने लहानपणी हाताळली नाहीत असा कोकणी माणूस विरळा. पांगाऱ्याचे हलके लाकूड, त्यावर रंगाचा हात, आणि आंबा असा की माशीने फसावे. तेथील गंजिफा मावळत चालल्या असता राजेसाहेब शिवरामराजे भोसले व राणीसाहेब सत्त्वशीलादेवी यांनी १९७० च्या दशकात त्या कलेला आश्रय दिला, म्हणून ती टिकली. कला टिकते ती कोणीतरी वेळेवर हात दिल्यामुळे, हे या उदाहरणावरून ध्यानात यावे.

असो. आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. मोठ्या कलांसाठी गुरू लागतो, चरक लागतो, वर्षे लागतात. पिनेसाठी एक खिडकी, एक भक्कम स्टूल आणि धीर पुरे. हत्यारे म्हणाल तर बारीक पात्याची कमानीची करवत, एक चपटी व एक अर्धगोल कानस, लहान गिरमिट आणि चार-पाच प्रतींचे पॉलिशपेपर.

लाकूड विकत घ्यावयाचे कारण नाही. कोणत्याही सुताराच्या कामठ्याशी ढलप्यांचा ढीग असतो व तो संध्याकाळी चुलीत जातो. त्यातून निवड करावी. शिसव जांभळट तपकिरी, काळ्या रेघांची. हेदू पिवळे व लोण्यासारखे मऊ पोताचे. पूर्वी त्याच्या फण्या होत. फणस ताजा कापला की हळदीसारखा पिवळा, आणि वर्षे जातील तसा मधासारखा, पुढे तांबूस तपकिरी होत जातो. चिंचेचा गाभा जांभळट काळा आणि भोवतीचे लाकूड फिके, त्यामुळे एकाच तुकड्यात दोन रंग मिळतात. काळा कुडा पांढरा. हे पाच रंग हाती असले की रंगाच्या डबीची गरज उरत नाही. लाकडे ओळखावयाची हौस असेल त्यांनी मल्लेश्वरमातील लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेतील संग्रह अवश्य पाहावा. १९३८ साली वनसंशोधन प्रयोगशाळा म्हणून तिचा प्रारंभ झाला.

येथे सरकारी नोकर या नात्याने एक सूचना. चंदन अथवा रक्तचंदनाचा ओंडका कोणी दाराशी स्वस्तात आणला तर त्यास नमस्कार करून परत पाठवावे. कर्नाटकात २००१ च्या कायदादुरुस्तीने चंदनाचे झाड लावणाऱ्यास त्याची मालकी मिळाली हे खरे. परंतु चोरटे चंदन अद्यापि फिरते, आणि पावती नसलेला सुगंध महाग पडतो. शिसवीविषयी परदेशी मुलेबाळे असलेल्यांनी एवढे जाणून असावे: २ जानेवारी २०१७ पासून शिसवीचा सगळा वंश आंतरराष्ट्रीय साइटीस कराराच्या नियंत्रणाखाली आला आणि आपल्या हस्तव्यवसायांच्या निर्यातीस त्याचा फटका बसला. पुढे २०२२ च्या परिषदेत १० किलोंपेक्षा कमी वजनाच्या एकेका तयार वस्तूला त्या परवान्यातून सूट मिळाली. आपली पिन पाच-सहा ग्रॅमांची. ती सुखाने समुद्रापार जावी.

तुकडा घ्यावा तो साधारण पाच सेंटिमीटर लांब, अडीच रुंद आणि पाच-सहा मिलिमीटर जाड. याहून जड पिन रेशमी पदर खाली ओढते. आकृती कागदावर काढून तुकड्यावर चिकटवावी. कोयरी, शेवंतीचे पान, होडी, पक्षी, काही चालेल. परंतु आकृतीचा निमुळता भाग लाकडाच्या रेषांना आडवा येता कामा नये. रेषेला धरून असलेली मोराची मान वर्षानुवर्षे टिकते; आडवी आली तर पहिल्याच लग्नात तुटून वऱ्हाडात हरवते. करवतीला घाई करू नये, पाते स्वतःच्या वजनाने चालू द्यावे. नंतर कानशीने कडा गोल कराव्या व ८० नंबरपासून ४०० नंबरपर्यंतचे पॉलिशपेपर क्रमाने, रेषांच्या दिशेने फिरवावे. मधला नंबर गाळला तर ओरखडे राहतात आणि पॉलिश चढल्यावरच ते दिसू लागतात. शिसवीची धूळ कित्येकांच्या नाकाला व त्वचेला बाधते, म्हणून तोंडास फडके बांधून हवेशीर जागी बसावे.

झळाळीसाठी घरातले खोबरेल कदापि वापरू नये. ते सुकत नाही आणि पैठणीवर डाग देते. जवसाचे उकळलेले तेल पातळ हाताने लावून दोन दिवस वाळू द्यावे. मात्र त्या तेलाचे बोळे मुठीत चुरगळून टाकू नयेत, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावे. त्याहून उत्तम म्हणजे चपडा लाख स्पिरिटात विरघळवून कापडाच्या बोळ्याने तिचे पाच-सहा हात द्यावे. पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढणाऱ्या किड्याची ही देणगी. चन्नपट्टणच्या चरकावर चढते तीच ही लाख, फक्त रूप वेगळे. शेवटी मागे पितळी पिन बसवावयाची. अशा पिना चिकपेटच्या गल्ल्यांत मिळतात. ती मधोमध बसवू नये, वरच्या तिसऱ्या भागात बसवावी. म्हणजे दागिना पुढे कलंडत नाही.

एवढे कळले की कोणीही तीन-चार रविवारांत पहिली पिन करू शकतो. परंतु केवळ कसब शिकविण्यासाठी आम्ही आपला वेळ घेतलेला नाही. इतक्या लहान वस्तूत किती मावू शकते, हे सांगावयाचे आहे; आणि त्यासाठी आपणांस थोडे दूर, अमेरिकेपर्यंत यावे लागेल.

दुसऱ्या महायुद्धात, १९४२ च्या फेब्रुवारीत, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एक हुकूम काढला आणि त्यान्वये पश्चिम किनाऱ्यावरील सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरदार सोडून छावण्यांत जावे लागले. त्यांतील सुमारे दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक होते. हातात नेता येईल तेवढेच सामान बरोबर घेण्याची परवानगी होती. ओसाड मुलखातल्या त्या दहा छावण्यांत, काटेरी तारांच्या आड, माणसांनी वेळ कसा काढावा? त्यांनी खोक्यांच्या फळ्यांचे तुकडे गोळा केले आणि त्यांतून लहान लहान पक्षी कोरले. नॅशनल जिओग्राफिक मासिकातील चित्रे पाहून त्यांना रंग दिले. खिडक्यांच्या जाळीच्या जास्तीच्या तारा कापून त्या पक्ष्यांचे पाय केले, मागे साधी सेफ्टीपिन लावली आणि ते छातीवर लावून मिरविले. असह्य ते धीराने आणि मान न सोडता सोसणे, यासाठी जपानीत ‘गामान’ असा शब्द आहे. डेल्फिन हिरासुना नावाच्या लेखिकेस २००० साली, आईच्या निधनानंतर, घरातील एका धुळकट पेटीत अशी पक्ष्याची पिन सापडली. आईवडिलांनी छावणीविषयी फारसे कधी सांगितले नव्हते. त्या पिनेने तिला विचारात पाडले, आणि तिच्या शोधातून २००५ साली एक ग्रंथ व पुढे मोठी प्रदर्शने झाली. जे तोंडातून निघाले नव्हते ते दोन इंच लाकडाने सांगितले.

आपली स्थिती तशी नव्हे. आपणांस कोणी हुसकून लावलेले नाही. आपण स्वेच्छेने, पगारी, बहुधा बढतीवर येथे आलो. तथापि आपल्याही पाठीमागे एक घर बंद होत असते. गावाकडील वाडा किंवा कौलारू घर विकले जाते, भाऊ-बहिणी पाच शहरांत पांगलेल्या असतात, आणि आवराआवरीच्या त्या चार दिवसांत पितळेची भांडी वाटली जातात, दागिने वाटले जातात, देव कोणीतरी नेतो. लाकूड मात्र कोणाला नको असते. ते फ्लॅटमध्ये मावत नाही, लिफ्टमध्ये चढत नाही. पाट, चौरंग, पाळण्याचे कठडे, ताक घुसळण्याची रवी, मोडका देव्हारा, हे सारे भंगारवाल्याच्या टेंपोत चढते.

आमचे घर सावंतवाडीच्या बाजूचे. काही वर्षांपूर्वी ते बंद करावयाची वेळ आली तेव्हा माजघरातील झोपाळ्याच्या फळीवरून बराच खल झाला. फणसाची सहा फुटी फळी. आमच्या आजोबांच्या आधीची. छप्पर गळून तिचा एक शेव कुजला होता आणि अंगास उभी चीर गेली होती. ती टांगण्यास कोणाकडे जागा नव्हती, आणि विकण्यास कोणाचे मन होईना. तिच्या पिना कराव्या असे आम्ही सुचविले तेव्हा आमच्या आत्या, वय वर्षे त्र्याऐंशी, संतापल्या. “ज्या फळीवर तुझ्या आजोबांनी संध्या केली, तिला करवत लावणार? त्यापेक्षा बंबात घाल!” असे त्यांचे शब्द. त्यांच्या रागात वजन होते. वडिलार्जित वस्तूचे तुकडे करणे हे आपल्याकडे अशुभ मानतात, आणि वाटणीच्या दिवसांत तर करवतीचा आवाज कानाला अधिकच बोचतो. आम्ही त्यांना एवढेच म्हटले की बंबात घातली तर राख एकालाही पुरणार नाही. अखेर धाकट्या भावाने मध्यस्थी केली. चांगल्या भागातून प्रथम गणपतीसाठी एक पाट करवून घेतला, तो थोरल्या बंधूंकडे गेला. उरलेली फळी आम्ही बंगळुरास आणली.

त्या लाकडातून दीड वर्षात तेवीस पिना झाल्या. वरची काळी पुटे काढल्यावर आत फणसाचा मधाळ रंग जसाच्या तसा होता. बहिणी, वहिन्या, सुना, नाती, आणि ज्यांचे लग्न परप्रांतात वा परदेशी झाले त्या भाच्या, प्रत्येकीस एकेक गेली. झोपाळ्याची कडी जेथे फळीतून आरपार जाई तेथे लोखंडाच्या गंजाने निळसर काळे वर्तुळ उमटले होते. तो तुकडा आम्ही मुद्दाम न घासता जपला, त्याची कोयरी केली आणि ती आत्यांना स्वतः नेऊन दिली. काही सांगितले नाही. त्यांनी चष्मा लावला, कोयरी उलटसुलट केली आणि त्या काळ्या डागावर अंगठा ठेवला. “ही कडीजवळची,” त्या म्हणाल्या. “इथंच धरून बसत असे मी. आई वेणी घालायची.” एवढेच बोलून त्यांनी ती पदराला लावली. पुढील दिवाळीस त्यांचे छायाचित्र आले, त्यातही ती होती.

तेव्हापासून या कामी आम्ही काही नियम पाळतो, ते आपणांसमोर ठेवितो. जी वस्तू अखंड राहू शकते आणि जिला कोणाच्या तरी घरात जागा आहे, तिला हात लावू नये. पाट अंगावर मिरविण्यापेक्षा पाट म्हणून वापरात असणे केव्हाही श्रेष्ठ. जी मोडली, फुटली, निराश्रित झाली, तिचेच तुकडे करावे. तुकडे करण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी, मग त्यास दोन महिने लागले तरी हरकत नाही. आणि प्रत्येक पिनेच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत लाकडाचे नाव, वस्तूचे नाव व गावाचे नाव मराठीत लिहून वर लाखेचा हात द्यावा. ‘फणस, झोपाळा’ आणि गाव, एवढे पुरे. उद्या आपल्या पणतीला मराठी वाचता न आले, तर कोणाकडून तरी ते वाचून घेण्यासाठी तरी ती मराठीच्या दाराशी येईल.

आणखी एक गोष्ट, आणि ती जरा कडू आहे. स्वतः एक पिन केली की मनुष्य कारागिराशी घासाघीस करीत नाही. करवत, कानस, पॉलिशपेपर, लाख मिळून एका साध्या पिनेस आमचे सहा-सात तास जातात. कारागिराचा हात आमच्याहून चपळ हे मान्य. तरी चन्नपट्टणला किंवा म्हैसूरला ज्या वस्तूसाठी आपण पन्नास रुपये कमी करून घेतो, तिच्यात कोणाची तरी दुपार गेलेली असते. तशीच डोळसपणाची गोष्ट. साध्या लाकडाला काळा रंग देऊन ‘शिसव’ म्हणून विकण्याचे प्रकार होतात. कड थोडी घासून पाहिली की खरे लाकूड आतही तेच असते. आपल्या मुलांनी ही पारख शिकावी, आणि योग्य दाम देण्यास शिकावे, हेही या छंदाचे फळ समजावे.

सुवर्णमहोत्सवानिमित्त मंडळाकडे आमची एक विनंती आहे. मंडळाच्या जिन्याखालील कोनाड्यात एक पेटी ठेवावी. ज्यांच्या गावाकडील घराची आवराआवर होईल त्यांनी मोडक्या लाकडाचा एखादा तुकडा, कोणते घर आणि कोणती वस्तू हे चिठ्ठीवर लिहून, त्या पेटीत आणून ठेवावा. महिन्यातून एका रविवारी सकाळी आम्ही हत्यारे घेऊन येथे बसू. वय वर्षे दहापासून पुढे कोणीही यावे. मुलींनी व मुलांनीही. कानस धरावयास शिकविता शिकविता “ही रवी कशाला वापरीत?” असा प्रश्न एखाद्या मुलाने विचारला, तर त्याचे उत्तर देण्यास ताक घुसळलेली एखादी आजी शेजारी बसलेली असावी, एवढी योजना मंडळाने करावी. हा प्रश्न विचारणारी मुले आणि उत्तर जाणणाऱ्या आज्या एकाच खोलीत बसू शकतील असे दिवस आता फार उरलेले नाहीत, म्हणून ही घाई.

 पिनांचे काही नमुने मागील टेबलावर मांडले आहेत. ते हातात घेऊन पाहावे. लाकूड हाताने पाहावयाचे असते.